कोटाचं बटण

गाडी आता मी चालवणार होते. तिचा जुना कार्ब्युरेटर बदलताना मेकॅनिक थबकला. कार्ब्युरेटरच्या झडपेपाशी तारेनं बांधलेलं एक काळं बटण होतं. “हे कुणाचं डोकं? यामुळे झडप अर्धीच उघडत होती. गाडी पळणार कशी?” बाबा वाकून बघू लागले. या गाडीच्या नावानं त्यांनी आयुष्यभर बोटं मोडली होती. प्लग बदलले, पिस्टन बदलले, तरी सायकलवाले हात हलवत पुढे जायचे. मी बटण पुसलं. चार भोकं, कड उडालेली. आईच्या करड्या कोटाला असलीच बटणं होती, वरच्या जागी मात्र पिन. मी ते शेजारी उभ्या आईपुढे धरलं. “ही पोटात होती,” आई बाबांना म्हणाली, “आणि तुम्ही वळणंसुद्धा सुसाट घ्यायचात. तुमच्या तेव्हाच्या मेकॅनिकला मीच गळ घातली.” आईनं माझ्या हातातल्या चावीकडे पाहिलं आणि बटण मेकॅनिकला दिलं. “नव्यात बसतंय का बघा.”