आवाज जाईल

"अजून एक फेरी," डॉक्टर रिसबूड म्हणाले.

सोनबाने दोर सैल सोडला. सगुणा घोडी दवाखान्यामागच्या मैदानात गोल दौडू लागली. तिच्या घशाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि गळ्याखालच्या जखमेचा आता नुसता वण उरला होता. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. महिन्यापूर्वी हीच घोडी जरा पळाली की करवत चालल्यासारखी घोरायची. आता टापा ऐकू येत होत्या आणि छातीभर घेतलेला श्वास, बस्स.

"गेला," डॉक्टर म्हणाले. नारायण पेठेतल्या माणसाला आनंद व्यक्त करायला एवढा एक शब्द पुरतो.

सोनबाने घोडीला थांबवलं आणि तो हसला. त्याची बायको मुक्ताबाई मात्र हसली नाही. विश्रांतवाडीहून ती मुद्दाम नवऱ्याबरोबर आली होती. पदर सावरत ती पुढे झाली.

"घोरनं गेलं, ब्येस झालं डाक्टरसाहेब. पर हिचा आवाज कवा यायचा?"

"अहो बाई, आवाज घालवायलाच तर ऑपरेशन केलं."

"त्यो न्हवं वो. हाक. सांजच्याला गाडी वढ्यापाशी आली का खिकाळायची. मला घरात कळायचं, आले म्हनून. जखम बुजूस्तवर गप बसलो. आता आठ दिस झालं बुजून. त्वांड उघडती, प्वाट हालतं, आन नुस्ती हवा."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं समाधान उतरलं.

'ऑपरेशन केलं की आवाज जाईल,' हे त्यांनीच सांगितलं होतं. रेसच्या घोड्यांच्या मालकांना ते इंग्रजीत सगळं फोड करून सांगत: घोरणं थांबेल, बहुधा खिंकाळणंही थांबेल, चालेल का? शेतकऱ्याशी मात्र मोजकं आणि सोप्या मराठीत बोलावं, असा त्यांचा खाक्या होता, आणि त्या मराठीचा त्यांना अभिमानही होता. शब्द एक आणि आवाज दोन, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. "जाऊ द्या की, त्याच्यापायीच तर आनली," असं सोनबा म्हणाला तेव्हा त्यांना वाटलं होतं, माणूस समंजस आहे.

"कागदावर लिहिलं होतं," असं म्हणत त्यांनी हातातली फाइल उघडली. 'आवाज जाण्याची शक्यता मालकास समजावून सांगितली.' अक्षर त्यांचंच होतं, नेहमीसारखं वळणदार. खाली सोनबाचा अंगठा. त्यांनी फाइल मिटली.

"घशात डाव्या अंगाला एक पडदा असतो," ते म्हणाले. "हिचा लुळा पडला होता, म्हणून ती घोरत होती. तो मी काढून टाकला. हाकही त्याच पडद्यातून निघते."

"मंग?" सोनबाने विचारलं.

"आता नाही यायची."

मुक्ताबाईनं घोडीच्या वणाकडे बघितलं. मग म्हणाली, "सगळाच काढाया लागत हुता का?"

हो म्हणून टाकलं असतं तरी तिला काही कळणार नव्हतं. डॉक्टरांच्या ओठांवर ते आलंही.

"नाही," ते म्हणाले. "रेसच्या घोड्याचा सगळा काढावा लागतो. तुमच्या घोडीला भाजीची गाडी ओढायची. पडदा ठेवून नुसती त्याच्या आतल्या बाजूची छोटी पिशवी काढली असती, तर थोडी घोरली असती, पण तेवढ्यानं भागलं असतं. मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं."

"न्हाई न्हाई साहेब!" सोनबा गडबडला. "आमचंच चुकलं. आमाला अडान्यास्नी शबूद कळंना, त्याला तुमी काय करनार?" आणि त्याने चक्क हात जोडले.

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं. सोनबाच्या जोडलेल्या हातांकडे त्यांना बघवेना. आयुष्यभर दुसऱ्यांचं मराठी सुधारत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून एक टांगा खडकी स्टेशनकडे निघाला. टांग्याचा घोडा मोठ्यानं खिंकाळला.

सगुणानं डोकं वळवलं. तिनं मान लांब केली, जबडा उघडला. बरगड्या थरथरल्या, पोट आत गेलं, नाकपुड्यांतून वाफेसारखी हवा निघाली. टांगा वळणाआड गेला.

आपण हाक मारली, अशीच तिची समजूत होती. कान टवकारून ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. सोनबाने दोर ओढला तरी हलेना.

शेवटी मुक्ताबाई तिच्याजवळ गेली, मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ओ."