आईचा पासपोर्ट

"कुठल्याही कामासाठी कुणाला एक पैसाही चारायचा नाही," गुरुनाथ माईक धरून म्हणाला आणि अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या त्या हॉलमधल्या मराठी मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुनाथच्या गावी त्यांनी माहिती अधिकार केंद्र काढलं होतं. खर्च सगळा इथून जायचा. अडलेल्या माणसाला तिथे फुकटात अर्ज लिहून मिळायचा आणि मग साहेबाला उत्तर देणं भाग पडायचं. भाषण अगदी झकास झालं.

टाळ्या थांबल्या आणि हाच गुरुनाथ गुपचूप पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसला. कॉलिंग कार्ड काढून त्याने घरचा नंबर लावला.

दुसरं करणार काय? बायकोचं, कांचनचं बाळंतपण जवळ आलेलं, तेही पहिलंच, आणि आईचा पासपोर्ट पोलीस चौकशीत कधीचा अडकलेला. जमादाराला चहापाणी हवं होतं, हे न कळण्याइतका गुरुनाथ दुधखुळा नव्हता. "देऊन टाक यार," मित्र संग्राम सकाळीच म्हणाला होता. "डिलिव्हरीला आई नको का?" गुरुनाथला मनातून लाज वाटत होती. पण कांचनचा धास्तावलेला चेहरा आठवला की तो ती गिळून टाकत होता.

तिकडे सकाळ होती. आईनेच फोन उचलला.

"आई, मामाला ठाण्यात पाठव. जमादार मागेल ते देऊन टाका. पैशांचं मी बघतो."

"काही नको," आई म्हणाली. "पासपोर्ट कालच आला. आता व्हिसाचं तेवढं बघ."

"आला? कसा काय?"

"बाजारात ते केंद्र आहे ना, तिथल्या मुलीने अर्ज लिहून दिला. माझा कागद कुणाच्या टेबलावर पडलाय, एवढंच विचारलं. जमादार धावत घरी आला. काकू, काकू करत सही घेऊन गेला."

गुरुनाथला हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही आलं. केंद्रामागे आपण आहोत हे त्याने आईला कधी सांगितलंच नव्हतं. आधी स्वतःचं घर घे म्हणून तिने फैलावर घेतलं असतं. आता सांगूनच टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण आई कुठली बोलू देते!

"आणि तू रे, एवढा शिकलेला, लाच द्यायला निघालास? त्या केंद्राला तिकडून अमेरिकेतून कुणीतरी पैसे पाठवतो म्हणे. त्याला शोधून काढ आणि चार गोष्टी शीक त्याच्याकडून."