चांगुणेचं पद

१९६३ साली केळव्याच्या कृष्णकांतने चांगुणेवर नवं संगीत नाटक लिहिलं आणि चांगुणेचं काम बायकोला, सुलूला दिलं. पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडताना चांगुणा गाते, ते पद तालमीत काही केल्या रंगेना.

पालघरच्या पहिल्या प्रयोगात त्या पदाआधी तो तिला विंगेत म्हणाला, "घरून निरोप आलाय. आपला दिनू समुद्रात बुडाला. पण लोक बसलेत. पद म्हण, मग जा."

सुलू गायली. अख्खा मांडव रडला. पडदा पडताच ती अनवाणी धावत सुटली, तेव्हा कृष्णकांतने हात धरला. "खोटं होतं गं. दिनू घरी आजीजवळ खेळतोय. पण काय गायलीस!"

सुलू कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. नाटक मात्र गाजलं.

माकुणसारच्या प्रयोगात शेजारचा पंढरी सायकल टाकून विंगेत आला आणि कृष्णकांतच्या कानाशी लागला. "दिनू बुडाला. बाहेर काढला, पण जीव नाय उरला."

कृष्णकांत कसाबसा सुलूपर्यंत पोचला. "सुलू, दिनू..."

"आज त्याची गरज नाय," सुलू म्हणाली. "आज मी तशीच गाईन. ऐका तुमी."

तिने रंगमंचावर जाऊन मुसळ उचललं.