दहा बटणं

आठव्या महिन्यात झोप तिच्यावर रुसूनच बसली. डाव्या कुशीवर वळावं तर बाळ जागं, उजवीवर वळावं तर कंबर जागी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "जेवलीस की आडवी हो आणि बाळाच्या लाथा मोज. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, तर तडक इकडे ये."

ती शिवणकाम करणारी. उशाशी वाटी ठेवायची आणि लाथ बसली की तिच्यात एक बटण टाकायची. टिण् वाजलं की शेजारी काजं करत बसलेली सासू हसायची, "आला गं माझा पैलवान! पण आईला झोपू दे की मेल्या. डोळे बघ कसे खोल गेलेत तिचे."

गेले तीन दिवस मात्र मोजता मोजताच तिचा डोळा लागत होता. जाग यायची तेव्हा उन्हं कललेली, आणि वाटीत दहा बटणं. आजही नवऱ्याने फोनवर विचारलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "झाल्या दहा!"

फोन ठेवून तिने वाटी हातात घेतली.

"आई, आज मला एकही बटण टाकल्याचं आठवत नाही हो."

सासूने दाताने दोरा तोडला. तिच्या केसांवरून मायेने हात फिरवला.

"अगं, उठल्यावर तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून उरलेली मीच टाकते. परवा चार टाकली, काल सात."

सासूने सुईत नवा दोरा ओवला.

"आज दहाच्या दहा."