सोमल घालायचा का

मीरासाब मिस्त्रीनं चौथ्या खांबाच्या बुडाशी हातभर खणलं आणि लाकडाला पटाशी टोचली. पटाशी आत जाईना. त्यानं पुन्हा टोचली, बाजूनं टोचली, बोटानं चाचपून बघितलं. लाकूड खणखणीत होतं. तरी तो पटाशी खाली ठेवीना.

घराचा मालक नृसिंह डोक्याशीच उभा होता. दरबारच्या कचेरीतला कारकून, एरवी चार माणसांना गप्प बसवणारा. पण महिनाभर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गल्लीच्या टोकाला सयाजीच्या घराची तुळई भरदुपारी खाली आली आणि खाली शेंगा फोडत बसलेली त्याची आई, बयाबाई, जागच्या जागी गेली. तुळई वाळवीनं पोखरली होती. तेव्हापासून हा गडी भिंतीवर मुंगी दिसली तरी नखानं चुना खरवडायचा. आज त्यानं सोमलाची पुडी आणली होती. पाण्यात उकळून खांबांच्या बुडाशी ओतायचा, की म्हणे दहा वर्षं वाळवी फिरकत नाही.

"वाळवी अजून दिसली नाही ना?" त्याच्या बायकोनं, कालिंदीनं, आतल्या दारातून विचारलं. आठ महिन्यांची मीनाक्षी तिच्या कडेवर होती. "मग घरात विष कशाला? पाण्याचा आड दहा हातांवर. आणि ही कार्टी दिसेल ती माती तोंडात घालते."

"वाळवी दिसल्यावर ओतून काय उपयोग? सयाजीला दिसली तेव्हा..." नृसिंहनं पुडी पुढं केली.

चार दिवस नवराबायकोचं हेच चाललं होतं. शेवटी मिस्त्री सांगतील तसं करायचं, असं ठरलं.

आणि मिस्त्री काय सांगणार? गेल्या दिवाळीत सयाजीचं घर त्यानंच बघितलं होतं. खालून तुळईला हातोडा ठोकला, आवाज ऐकला आणि खुशाल राहा म्हणून पान खाऊन निघून गेला. हे सयाजीशिवाय गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, आणि आईला पोचवल्यापासून सयाजी कुणाशी बोलत नव्हता. मीरासाबला त्या घरावरून जायचीसुद्धा भीती वाटायची. तो मागच्या बोळानं यायचा.

सोमल घाला म्हटलं की आपण सुटलो, असं त्याच्या मनात आलं. घर पडो न पडो, कुणी आपल्याकडं बोट दाखवणार नाही. पोर आजारी पडलीच, तर पोरं काय आजारी पडतच असतात. साठी उलटलेल्या माणसाच्या मनात असलं यावं, याची त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती.

"घाला," तो म्हणाला. "घातल्यालं बरं. जिवाला घोर नको."

कालिंदी दारातून ओसरीवर आली. तिनं पोरीला खाली ठेवलं आणि ओसरीवरच्या पाण्याच्या घागरी एकेक करून आत न्यायला लागली. नृसिंह जुनं पातेलं शोधायला परसात गेला.

मीनाक्षी रांगत खांबाजवळ आली. उकरलेल्या मातीचा ढीग बघून तिला आनंदच झाला. तिनं मूठ भरली आणि तोंडात कोंबली.

मीरासाबनं ते बघितलं. मातीत अजून काही मिसळलेलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं झडप घालून पोरीला उचललं, तोंडात बोट घालून सगळी माती उकरून काढली. पोरीनं भोकाड पसरलं. आतून कालिंदी धावत आली, परसातून नृसिंह आला.

"सोमल नको," मीरासाब म्हणाला. "खांब, तुळई, समदं शाबूत हाय. बुडाला डांबर लावतो, आनि दर अमावास्येला यिऊन खणून बघतो. तेवढं बास."

"आत्ताच तर घाला म्हणालात की," नृसिंह म्हणाला.

"भ्यालतो म्हणून म्हणालो." त्यानं मान वर केली नाही. "सयाजीची तुळई मीच बघितलती. काय झालं न्हाई, असंच त्याला सांगितलतं."

नृसिंहनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग आता तुमचं ऐकायचं तरी कसं?"

"नका ऐकू. दुसरा मिस्त्री आणा."

कालिंदीनं पोरीला आपल्याकडं घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. "सयाजीभाऊजींकडं असंच खणलं होतंत?"

"न्हाई, वैनी. महाराजांच्या कुस्तीच्या नव्या मैदानाचं काम लागलतं खासबागेत, तिकडं पळायची घाई. नुसतं खालनं ठोकलं. तुळईचं भितीतलं टोक बघितलंच न्हाई, आनि वाळवी तितनंच शिरलती."

"आणि आज?"

"चारी खांबांची बुडं खणली. भितीतल्या विटा काढून दोन्ही टोकं बघितली. तुमच्या डोळ्यांदेखत की."

कालिंदीनं एकदा तुळईकडं बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "पुडी परत देऊन या. भीती मलाही वाटते. पण विष मी घरात ओतू देणार नाही. आणि पाळणा टांगा तिचा तुळईला. महिनाभर पोर जमिनीवर झोपतीय."

नृसिंहनं माळ्यावर टाकलेला पाळणा काढला. मीरासाब शिडीवर चढला. त्यानं दोर तुळईला बांधला, गाठ सोडली, पुन्हा बांधली. खाली उतरताना त्याला दोनदा पायरी सापडली नाही.

कालिंदीनं मीनाक्षीला पाळण्यात ठेवलं. पोर रडायची थांबली आणि हातपाय झाडून झोका मागायला लागली.

तिघंही पाळण्याभोवती उभी होती. झोका कुणीच देईना.