डोलकाठ्या काढा, अब्बा

पहिली डोलकाठी कापताना ताजुद्दीनचा हात जरा अडखळलाच. शिडाचं हे लाकडी लढाऊ जहाज त्यानेच लेकीसाठी कोरलेलं, आणि आता त्यालाच आरी!

पण लाइबाचा हुकूम म्हणजे हुकूम. त्याने फोनमध्ये जपलेला तिचा आवाजी निरोप कानाला लावला.

"अब्बा, डोलकाठ्या काढा! त्या असल्या तर तोफांचे मनोरे गरागरा फिरणार कसे? बाई म्हणाल्या, जुन्या जहाजांना असंच वाफेवर आणलं. आमच्या पाचवीच्या प्रदर्शनात माझंच जहाज भारी दिसायला हवं. आणि तुम्ही स्वतः घेऊन यायचं, कळलं?"

"पुन्हा तेच ऐकताय, चाचा?" वरच्या बंकवरून हाशिर म्हणाला. सौदीत, रास अल खैरच्या जहाज-यार्डाच्या त्या खोलीत राजापूरचे हे दोघेच, त्यामुळे थट्टेचा हक्क त्याचाच.

"नीट ऐकायला नको? एक मनोरा चुकला की लेक तोंड फुगवून बसेल."

"मग एक तोफ मुदीरसाहेबाच्या केबिनकडे वळवा. सुट्टी अडवतो काय!"

ताजुद्दीन हसला नाही. ऐनवेळी सुट्टी हुकते म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. "ह्या वेळी जुम्म्याच्या आत पोचायचंच. नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही."

चहाच्या दुधाच्या डब्यांचे दोन मनोरे झाले. पाइपाच्या तुकड्याचं धुराडं. यार्डातल्या भंगार पत्र्याने लाकडी अंग झाकलं. बोट लावलं की मनोरा असा भिंगरीसारखा फिरे, की हाशिरसुद्धा खाली उतरून खेळत बसला.

"खलास!" ताजुद्दीन म्हणाला. कापलेलं शीड मात्र त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

दम्मामच्या विमानतळावर तपासणीवाल्याने खोकं उघडलं. तोफा बघून त्याच्या भुवया चढल्या.

"खेळणं आहे," ताजुद्दीन मोडक्यातोडक्या अरबीत घाईने म्हणाला. "मुलीच्या शाळेसाठी."

"केवढी आहे मुलगी?"

ताजुद्दीनने तळहात कमरेपाशी धरला. एवढीशी.

तपासणीवाला हसला. त्यानेही मनोरा एकदा गर्रकन फिरवून पाहिला. "यल्ला, जा!"

खोकं छातीशी धरून ताजुद्दीन गेटपाशी टेकतोय, तोच फोन वाजला. पडद्यावर कोपरापर्यंत मेंदीने रंगलेले दोन हात, आणि त्यांच्यामागे लाइबा.

"अब्बा, निघालात ना खरंच? की पाचवीतल्या त्या प्रदर्शनासारखं उद्या माझ्या निकाहलाही मामूंनाच उभं करू?"