शुक्रवारची तपासणी

“हात दाखवा,” हर्योनो म्हणाला.

बू वार्सिनीनं दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवले. दर शुक्रवारी गल्लीतल्या घरोघरी जाऊन पाण्यातल्या डासांच्या अळ्या शोधायच्या, हे काम तिच्याकडे होतं. नऊ वर्षांत कुणी तिच्या तोंडावर दार लावलं नव्हतं, की कुणी तिचे हात हुंगले नव्हते. हर्योनोनं हुंगले.

“मलम लावलं नाही आज,” ती म्हणाली. “डासांना म्हटलं, घ्या पोटभर. मास हर्योनोंकडे जायचंय.” तिकडे तरुण पुरुषाला मानानं ‘मास’ म्हणतात आणि मोठ्या बाईला ‘बू’.

तो हसला नाही. सहा शुक्रवारांपूर्वी ही बाई येऊन गेली आणि शनिवारी सकाळी त्याच्या टाकीतल्या सगळ्या कोळंब्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. नखाएवढ्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल, कितीतरी पोटाशी अंडी धरलेल्या. चार वर्षं निवडून निवडून वाढवलेला वाण एका रात्रीत गेला. बाईनं डासांच्या मलमाचे हात मुद्दाम पाण्यात बुडवले, हे त्यानं तेव्हापासून गल्लीभर सांगितलं होतं. तिच्या भाच्याच्या घरीही कोळंब्यांच्या टाक्या होत्या. हर्योनोला एवढा पुरावा पुरला.

आता त्यानं नवी टाकी मांडली होती. तळाला काळी माती, दगडांना दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी स्पंजाची गाळणी, वर बदामाचं एक वाळकं पान. तीन आठवडे त्यानं पाणी मुरू दिलं होतं. त्याच वाणाच्या तीस कोळंब्या त्यानं एकदा मित्राला दिल्या होत्या. त्यांची पिल्लं मित्रानं आज परत पाठवली होती. तेवढीच उरली होती. त्यांची फुगलेली पिशवी टाकीत तरंगत होती. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की सोडायच्या. तोवर झाकणाला कुलूप, आणि किल्ली गळ्यात. टाकीशेजारी आईनं फडक्यात बांधून ठेवलेला दुपारचा भात होता. तो उघडायलाही त्याला फुरसत नव्हती.

बू वार्सिनी न्हाणीत गेली. हर्योनो मागोमाग. त्याची आई, सामिनाह, चुलीपाशी होती, तीही उठून दाराशी आली.

बूनं हौदात बॅटरी मारली. पाणी नितळ होतं. तळाच्या कोपऱ्यात फडक्यात बांधलेली एक लहानशी पुडी पडली होती.

पुडीतली पावडर बूनंच दिली होती. पावसाळ्यात हर्योनो डेंग्यूनं नऊ दिवस इस्पितळात होता आणि म्हातारी नऊ रात्री त्याच्या खाटेखाली झोपली होती. तो घरी आला तरी तिची भीती काही जाईना. कोळंब्या मेल्या त्याच्या आदल्या दिवशी, त्या शुक्रवारी, तिनं बूला एकटीला गाठून अळ्या मारायची पावडर मागून घेतली. पोराला कळू देऊ नका, म्हणाली, तो घरात असलं काही ठेवू देत नाही. बूनं बजावलं होतं, आजी, काचेच्या टाकीत टाकू नका, कोळंबीला हे विष आहे. म्हातारीनं तिथं टाकलीही नव्हती, न्हाणीतल्या हौदात सोडली होती.

“पाणी स्वच्छ आहे ना?” हर्योनो म्हणाला. “असणारच. मी स्वतः विहिरीवरून आणून भरतो. टाकीला दुसऱ्या कुणाचं पाणी मी लावत नाही. नवी टाकीसुद्धा याच हौदातून भरली.”

बूनं बॅटरी विझवली. तिनं मान वळवून म्हातारीकडे पाहिलं. टाकीत बादली कुठून येते, याचा विचार दोघींनीही कधी केला नव्हता. म्हातारीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

“ती पिशवी उघडू नका, मास,” बू म्हणाली.

“का?”

“हौदात पावडर आहे. टाकीतही तेच पाणी आहे. सगळं ओतून टाका, मातीसकट.” ती क्षणभर थांबली. “मीच टाकली. मागे आले होते तेव्हा.”

हर्योनोचा चेहरा उजळला. मेलेल्या कोळंब्यांपेक्षा आपलं खरं ठरल्याचंच त्याला जास्त वाटलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण तसंच झालं.

“बघितलंस, आई? मी काय म्हणत होतो?”

म्हातारी काहीतरी बोलायला पुढे झाली. बूनं तिला बोलू दिलं नाही. आजी झोपल्या होत्या, दार उघडंच होतं, असं म्हणून ती चपला घालून निघाली. उद्याच्या गल्लीच्या सभेत तुमचं हे काम काढून घ्यायला लावतो, असं हर्योनोनं तिला पाठमोरं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि दाराशी टांगलेल्या तपासणीच्या कार्डावर “अळ्या नाहीत” असं लिहून सही केली.

त्यानं पिशवी उचलून बाजूला ठेवली, टाकी रिकामी केली, मग हौद. एकेक बादली गल्लीत ओतताना येणाऱ्याजाणाऱ्याला तो सगळी हकिकत सांगत होता. तिसऱ्या माणसापर्यंत बूच्या भाच्याचाही त्यात हात निघाला होता.

शेवटी तळाची पुडी त्याच्या हाती लागली. त्यानं ती उजेडात धरली.

“आई, हे तुझ्या जुन्या बाटिकच्या नेसूचं फडकं आहे,” तो म्हणाला. “म्हणजे बाई चोरतेसुद्धा!”

पुडी लोकांना दाखवायला तो दाराकडे निघाला. म्हातारी आडवी आली. टाकीशेजारचा न उघडलेला भात तिनं उचलला आणि त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला.

“आधी गाठ बघ,” ती म्हणाली. “दोन्हीची.”